पाटीवर काय लिहावे : खासगी समुपदेशनासाठी विशेष क्षेत्र कसे निवडावे

पुण्यात स्वतःचे समुपदेशन केंद्र सुरू केले तेव्हा दारावरच्या पाटीवर नावाखाली मी एकच ओळ रंगवून घेतली होती : 'सर्व प्रकारच्या मानसिक समस्यांवर समुपदेशन'. आलेले कोणीही दारातून परत जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार होता, आणि पहिली काही वर्षे मी खरोखरच प्रत्येकाला होकार दिला. दहावीचा मुलगा, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे जोडपे, दारू सोडू पाहणारा रिक्षाचालक, मुले परदेशी गेल्यामुळे एकाकी पडलेल्या आजी; संध्याकाळच्या तीन तासांत तीन वेगवेगळ्या जगांत शिरावे लागे आणि रात्री घरी परतताना वाटे की यांपैकी एकाही जगाची आपली ओळख पुरेशी खोल नाही. या धावपळीला वळण मिळाले ते आमच्याच गल्लीतल्या एका ज्येष्ठ फॅमिली डॉक्टरांच्या साध्या प्रश्नामुळे. मी ओळख करून द्यायला गेले होते. त्यांनी माझे कार्ड नीट वाचले आणि विचारले, "मॅडम, कोणालाही पाठवा म्हणता ते ठीक आहे. पण पेशंट माझ्यासमोर बसलेला असताना मला तुमची आठवण नेमकी कधी व्हायला हवी?"

विशेष क्षेत्र निवडणे म्हणजे या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येणे. ते वाक्य सापडायला मला जवळजवळ दीड वर्ष लागले. ज्यांनी नुकतेच खोली भाड्याने घेतली आहे किंवा नोकरी सोडून स्वतंत्र काम करण्याचा विचार चालवला आहे, त्यांचा हा काळ थोडा कमी व्हावा म्हणून मी ज्या रीतीने गेले ती रीत येथे मांडते आहे.

जुन्या नोंदींपासून सुरुवात

बाजारात सध्या कशाला मागणी आहे, या प्रश्नाने सुरुवात करू नये. सुरुवात आपल्या कपाटातल्या नोंदवह्यांपासून करावी. मागच्या दोन-तीन वर्षांत आलेल्या चाळीस ते साठ व्यक्तींच्या नोंदी बाहेर काढाव्यात. व्यवसाय अगदी नवा असेल, तर प्रशिक्षणाच्या काळात रुग्णालयात, शाळेत किंवा संस्थेत भेटलेल्या व्यक्ती आठवाव्यात. तिथले कागद मात्र त्या संस्थेचे असतात, म्हणून हे काम स्मरणावरच करायचे आणि नावे कोठेही लिहायची नाहीत. प्रत्येक व्यक्तीसमोर चार गोष्टी लिहाव्यात. पहिली म्हणजे खुर्चीत बसल्यावर तिने उच्चारलेले पहिले वाक्य, तिच्याच शब्दांत : "छातीत धडधडतं, पण ईसीजी नॉर्मल आहे", "दोन महिने घरात अबोला आहे", "पुस्तक उघडलं की घाम फुटतो". दुसरी, ती किती सत्रांना आली आणि येणे का थांबले. तिसरी, तिच्यात काय बदलले, आणि तेही घरच्यांना दिसेल अशा भाषेत. 'चिंतेची पातळी घटली' असे न लिहिता 'पुन्हा लोकलने प्रवास करू लागली' असे लिहावे. चौथी गोष्ट लिहायला बहुतेकांना जड जाते : त्या व्यक्तीची वेळ जवळ आली की तुम्हाला काय वाटत असे? उत्सुकता, ओझे, भीती, कंटाळा, जे असेल ते एका शब्दात लिहावे. हा कागद दुसऱ्या कोणाला दाखवायचा नसल्याने खोटे लिहिण्याचे कारण उरत नाही.

माझी समजूत अशी होती की मी पती-पत्नींमधल्या वादांचे काम चांगले करते, कारण लोक तसे म्हणत. नोंदींनी वेगळे सांगितले. जोडपी येत, तिसऱ्या सत्रानंतर थांबत, आणि त्यांच्या वेळेआधी माझे डोके जड होत असे. ज्यांच्यासमोर मी 'उत्सुकता' हा शब्द पुनःपुन्हा लिहिला होता, ज्या शेवटपर्यंत आल्या होत्या आणि ज्यांच्या घरच्यांना फरक दिसला होता, त्या व्यक्तींची पहिली वाक्ये एकमेकांना जोडून वाचली तेव्हा मी थांबलेच. "गॅस बंद केला का, हे दहादा पाहतो." "हात धुणं थांबतच नाही." "देवासमोर बसलं की मनात घाणेरडे विचार येतात." "बाळाला उचलायची भीती वाटते, माझ्या हातून काही वाईट होईल." वरकरणी ही चार वेगळी माणसे होती आणि चौघांचा आजार एकच होता. इंग्रजीत ज्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, त्याला मराठीत मंत्रचळ असा शब्द आहे.

तक्रारीचे नाव आणि निदानाचे नाव

लोक निदान घेऊन येत नाहीत, तक्रार घेऊन येतात. म्हणून क्षेत्राची व्याख्या करताना तक्रार आणि ती ज्या आयुष्यात उद्भवते ते आयुष्य, या दोहोंची सांगड घालावी. 'नैराश्य आणि चिंता' ही व्याख्या इतकी रुंद आहे की ती ऐकून फॅमिली डॉक्टरांना कोणाचीच आठवण होणार नाही. उलट 'बाळंतपणानंतर झोप उडालेल्या आणि सतत रडू येणाऱ्या माता' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एखादी शेजारीण उभी राहते.

उपचारपद्धतीच्या नावाने क्षेत्र ठरवण्याची चूकही फार जण करतात. आपण दोन वर्षे खपून एखादी पद्धत शिकलेलो असतो, त्यामुळे ती पाटीवर झळकावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याला रात्रभर झोप नाही त्याला पद्धतीच्या आद्याक्षरांशी देणेघेणे नसते. महाराष्ट्रात याला एक अपवाद आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, म्हणजेच आरईबीटी, कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे आणि कार्यशाळांमुळे मराठी वाचकांच्या एका पिढीला नावानिशी माहीत झाली, आणि आजही कोणी साठीचे गृहस्थ फोनवर "तुम्ही आरईबीटी करता का?" असे थेट विचारतात. मला अशा फोनचा आनंद होतो, पण त्यांच्यावर केंद्र चालत नाही.

क्षेत्र अरुंद केले तर माणसे कमी येतील, ही भीती मला वर्षभर सोडत नव्हती. ठाण्यात १९९० पासून काम करणाऱ्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थेला अनेक क्षेत्रे एका छताखाली सांभाळता येतात, कारण तिथे अनेक तज्ज्ञ आहेत आणि माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवता येतो. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणने मात्र व्यसनमुक्ती हे एकच काम हाती धरले, आणि आज खेड्यातल्या माणसालाही 'दारू सोडवायची असेल तर मुक्तांगण' हे वाक्य पाठ असते. एकट्याने काम करणाऱ्याने आपली तुलना पहिल्या प्रकाराशी करू नये, कारण त्याच्याकडे दुसरी खोलीच नसते.

मागणीविषयी बोलताना राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे हमखास पुढे केले जातात. २०१५-१६ च्या त्या सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत आढळले होते. गरज अफाट आहे, हे त्यातून नक्की कळते. तथापि सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि गरज असणारा प्रत्येक माणूस दार ठोठावतोच असेही नाही. तुमच्या पेठेत, तुमच्या तालुक्यात कोण येईल, याचे उत्तर आजूबाजूचे डॉक्टर, औषधांचे दुकानदार, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि अंगणवाडी सेविका अधिक अचूक देतात. त्यांना 'तुम्हाला समुपदेशकाची गरज वाटते का' असे विचारू नये. 'तुमच्याकडे वारंवार येणारी अशी कोणती तक्रार आहे, जिच्यावर तुमच्याजवळ उपाय नाही?' असे विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे.

क्षेत्र खोली ठरवते, वेळ ठरवते, सोबती ठरवते

क्षेत्र निवडले म्हणजे फक्त पाटी बदलली, असे होत नाही. कामाची सगळी रचना त्याच्यामागून बदलते आणि तो बदल पेलणार आहे का, हे आधी पाहावे लागते. मंत्रचळाचेच उदाहरण सविस्तर घेते, कारण ते मला सर्वांत जवळून ठाऊक आहे.

मंत्रचळावर ज्या मानसोपचाराचा पाया व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये घातला, त्यात माणसाला त्याच्या भीतीसमोर पायरीपायरीने उभे करायचे असते आणि त्यानंतर होणारी कृती, म्हणजे धुणे, तपासणे, मोजणे, मनातल्या मनात जप करणे, हे थांबवायला मदत करायची असते. भीती माझ्या खोलीत नसते. ती त्या बाईंच्या मोरीत, कुलपात, गॅसच्या बटणावर आणि देव्हाऱ्यासमोर असते. म्हणून मला आठवड्यातले दोन अर्धे दिवस गृहभेटींसाठी राखावे लागले. पन्नास मिनिटांचे सत्र अपुरे पडू लागले, कारण चढलेली भीती उतरायला वेळ लागतो आणि ती शिखरावर असताना माणसाला घरी पाठवता येत नाही. मी नव्वद मिनिटे देऊ लागले, साहजिकच दिवसाला भेटणाऱ्यांची संख्या घटली. घरच्या माणसांना सोबत घेणे अपरिहार्य झाले. "हो गं, धुतलेस तू हात, मी पाहिलंय" असा धीर प्रेमापोटी दिवसातून तीस वेळा देणारा नवरा आजाराला खतपाणीच घालत असतो, आणि हे त्याला न दुखावता समजावणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. मराठी घरांत आणखी एक पेच असतो. सासूबाईंचे सोवळे आणि सुनेचा मंत्रचळ बाहेरून सारखेच दिसतात. सोवळे पाळणाऱ्या बाईला त्यातून समाधान मिळते आणि काम संपल्यावर ते संपते. मंत्रचळाने ग्रासलेल्या बाईला समाधान कधीच मिळत नाही, ही खूण मी आता पहिल्याच भेटीत शोधते. तीव्र आजारात औषधांची जोड आवश्यक असते, म्हणून ज्यांच्याशी आठवड्याला बोलता येईल असे मनोविकारतज्ज्ञ जवळ असावे लागतात. प्रगती मोजण्यासाठी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली, ० ते ४० गुणांची येल-ब्राउन मापनश्रेणी वापरण्याची शिस्त लावून घ्यावी लागते, नाहीतर 'बरे वाटते' या दोन शब्दांवर वर्ष निघून जाते.

माणसे कोठून येणार, तेही क्षेत्रच सांगते. मी मनोविकारतज्ज्ञांकडे चकरा मारत होते, पण सतत हात धुऊन कातडी सोललेली व्यक्ती आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते. हे लक्षात आल्यावर मी तिघा त्वचारोगतज्ज्ञांना भेटले. त्यांच्याकडून येणारी व्यक्ती आजाराच्या बऱ्याच सुरुवातीच्या टप्प्यावर येते, आणि तिला मदत करणे तुलनेने सोपे जाते.

हाच हिशेब इतर क्षेत्रांना लावून पाहावा. बाळंतपणानंतरच्या मानसिक आरोग्याचे क्षेत्र अनेक तरुण समुपदेशिकांना खुणावते आणि त्याची गरजही मोठी आहे. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. पुण्यात सातव्या महिन्यापर्यंत नियमित येणारी मुलगी साताऱ्याला किंवा जळगावला जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर परतते. म्हणजे जोखीम सर्वाधिक असते नेमक्या त्या आठवड्यांत ती तुमच्या खोलीपासून लांब असते. दूरध्वनीवर किंवा व्हिडिओवर काम करण्याची तयारी नसेल, तर हे क्षेत्र घेऊ नये. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून एकटीने बोलण्याची सोय नसते, हेही गृहीत धरावे आणि मुलीच्या आईशी आधी बोलून तो अर्धा तास मागून घ्यावा. बहुतेक जणी स्त्रीरोगतज्ज्ञांशी संधान बांधतात, मात्र प्रसूतीनंतर माता त्यांच्याकडे फारशी जात नाही. ती बालरोगतज्ज्ञांकडे जाते, कारण लसीकरणासाठी बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना नेलेच जाते. बालरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षाकक्षात, बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी असलेल्या एडिंबरो प्रश्नावलीचे दहा प्रश्न मराठीत भरून घेण्याची व्यवस्था झाली, तर एरवी कधीच समोर न आलेल्या माता समोर येतील. ही प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे आणि भरायला पाच मिनिटे पुरतात. तिच्यात स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी काय करायचे, हे ठरवल्याशिवाय मात्र ती कोणाच्या हाती देऊ नये.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी काम करायचे असेल, तर अडचण फीची आहे. गावाकडून येणाऱ्या पैशांत खोली, मेस आणि अभ्यासिका भागवणाऱ्या मुलाला हजार रुपयांचे सत्र परवडत नाही. सहा जणांचा गट करून दीड तासाची बैठक घेणे हा मार्ग मी काही सहकाऱ्यांना यशस्वीपणे वापरताना पाहिला आहे. या क्षेत्रातला खरा गाभा अभ्यासाच्या वेळापत्रकात नसून "आणखी एक प्रयत्न देऊ की परत जाऊ?" या प्रश्नात असतो, आणि त्या प्रश्नाशी महिनोन्‌महिने शांतपणे बसून राहण्याची तयारी लागते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यापासून, ज्यांनी अनेक वर्षे पर्यायांचे गोल रंगवण्याचा सराव केला त्यांच्या मनात 'मला लिहिताच येत नाही' अशी नवी भीती आली आहे. क्षेत्रात राहायचे तर असे तपशील ठाऊक असावे लागतात.

जोडप्यांचे काम करणाऱ्यांनी रविवार विकायचा की नाही, हे आधी ठरवावे. दोघांना एकाच वेळी सुट्टी दुसऱ्या कोणत्या दिवशी नसते. घरात मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नये, कारण सत्रात बोललेल्या वाक्याची शिक्षा तिला घरी मिळू शकते. अशा वेळी तिची सुरक्षितता आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती प्रथम येते. वृद्धांचे आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांचे क्षेत्र मला फार महत्त्वाचे वाटते आणि त्यात उतरणारे फार थोडे आहेत. ज्याला मदत हवी ती सून किंवा लेक घर सोडून तासभर बाहेर पडूच शकत नाही, एवढी एक अट सोडवली की हे क्षेत्र आयुष्यभर पुरेल.

पात्रता आणि कायदा

आवड आहे, माणसे येतील, तरीही हे काम करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हे वेगळे तपासावे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशी जोडलेले आहे. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या व्यक्तीने ते पाटीवर लावणे ही फसवणूक आहे, आणि मी हे कठोर शब्दांत लिहिते आहे कारण असे फलक मी पाहते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने आपल्या कक्षेत घेतले आहे. त्याखालील नोंदणीच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या, अध्ययन अक्षमतेची प्रमाणपत्रे यांभोवती व्यवसाय उभारण्याचा विचार असेल, तर प्रमाणपत्रावर कोणाची सही चालते याची संबंधित मंडळाकडे आधी चौकशी करावी.

मुलांबरोबर काम करणाऱ्याला २०१२ चा पॉक्सो कायदा पूर्ण वाचलेला असलाच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यावर पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे किशोरवयीन मुलीला "तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही" असे वचन देता येत नाही. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्याच भेटीत, तिला समजेल अशा शब्दांत सांगावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यक्तीला आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. लहान गावात हा हक्क पाळणे किती अवघड असते, हे तिथे काम करणाऱ्यालाच कळते. जिथे बसथांब्यावरचा प्रत्येक माणूस पाटी वाचतो, तिथे 'व्यसनमुक्ती' किंवा 'लैंगिक समस्या' अशा पाटीखालून आत जाणे म्हणजे गावभर जाहीर करणे होय. तालुक्याच्या ठिकाणी म्हणूनच आजारापेक्षा वयोगटाने क्षेत्र ठरवणे मला योग्य वाटते. 'मुले आणि पालक' या पाटीखालून कोणीही सहज आत जाऊ शकते.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी दूरस्थ समुपदेशनाचे क्षेत्र अलीकडे अनेकांना मोहात पाडते, आणि परक्या मुलुखात आईच्या भाषेत रडता येणे ही किती मोठी गोष्ट आहे हे मी जाणते. परंतु अमेरिकेत प्रत्येक राज्य स्वतःचा परवाना देते आणि साधारणपणे समोरची व्यक्ती ज्या राज्यात बसली आहे तिथला नियम लागू होतो. हा प्रश्न सोडवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

स्वतःच्या जखमेतून निवडलेले क्षेत्र

समुपदेशकांपैकी अनेक जण आपल्याच आयुष्यातल्या दुःखाच्या क्षेत्राकडे वळतात. वडिलांच्या दारूने होरपळलेली मुलगी व्यसनमुक्तीकडे, मूल गमावलेली आई शोकसमुपदेशनाकडे. ही निवड चुकीची आहे असे मी म्हणत नाही. मी स्वतः एका जवळच्या माणसाच्या आजारपणानंतर कर्करोगग्रस्तांच्या कुटुंबांसाठी काम करायचे ठरवले होते. चौथ्या कुटुंबाबरोबर बसले असताना माझ्या लक्षात आले की मी त्या मुलाचे ऐकत नाही, त्याला माझ्याच उत्तरांकडे नेते आहे. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी समुपदेशकाशी नियमित होणाऱ्या चर्चेत, हे बोलून दाखवले तेव्हा माझ्या मार्गदर्शिका म्हणाल्या, "अजून दोन वर्षे थांब. ते काम कुठे जात नाही." मी थांबले, आणि पुन्हा त्या कामाकडे वळले नाही. स्वतःसाठी एक कसोटी वापरावी : आपल्यासारखेच दुःख असलेली व्यक्ती आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या रीतीने त्यातून बाहेर पडू पाहत असेल, तर आपल्याला ते मनापासून पटते का? पटत नसेल तर थांबावे.

हिशेब

पैशांचा विचार करण्याचा संकोच या व्यवसायात फार आहे, आणि त्या संकोचापायी चांगली केंद्रे दोन वर्षांत बंद झालेली मी पाहिली आहेत. समजा, तुम्ही आठवड्याला १८ सत्रे घेता आणि वर्षातले ४६ आठवडे काम करता. वर्षाची ८२८ सत्रे झाली. तुमच्या क्षेत्रात एक व्यक्ती सरासरी ८ सत्रांना येत असेल, तर वर्षाला सुमारे १०३ नव्या व्यक्ती, म्हणजे आठवड्याला दोन याव्या लागतील. मंत्रचळासारख्या क्षेत्रात सरासरी १६ सत्रे धरली तर ५२ व्यक्ती पुरतात. परीक्षेच्या ताणासाठी सरासरी ४ सत्रे धरली तर २०७ लागतात, आणि त्यांतल्या बहुतेक डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांतच येणार. उरलेल्या आठ महिन्यांचे भाडे कोठून येईल, याची तजवीज त्या क्षेत्रात शिरण्याआधीच हवी.

आता फी. समजा, भाडे १५ हजार, वीज, फोन आणि साफसफाई ४ हजार, सुपरव्हिजन ४ हजार, पुढील शिक्षणासाठी बाजूला ५ हजार, आणि घरी न्यायचे ५० हजार, असा महिन्याचा आकडा ७८ हजार होतो. महिन्याला ६९ सत्रे असतील तर सत्रामागे सुमारे १,१३० रुपये मिळायला हवेत. दर पाचवी जागा सवलतीची ठेवायची असेल, आणि ती ठेवावी असे माझे ठाम मत आहे, तर १४ सत्रे ४०० रुपयांनी आणि उरलेली ५५ सत्रे साधारण १,३२० रुपयांनी घ्यावी लागतात. तुम्ही निवडलेल्या क्षेत्रातली बहुतेक माणसे हे देऊ शकतात का? देऊ शकत नसतील तर क्षेत्र सोडायची गरज नाही. गटसत्रे, शाळेशी किंवा संस्थेशी करार, आठवड्याचे दोन दिवस पगारी काम, असे मार्ग आहेत. पण ते मार्ग पहिल्या दिवसापासून आखलेले असावेत. सुपरव्हिजनच्या ४ हजारांना मात्र कधीही कात्री लावू नये.

सहा महिन्यांची परीक्षा

निवड झाली की लगेच पाटी रंगवू नये. सहा महिने जुने काम चालू ठेवून निम्मी जागा नव्या क्षेत्रासाठी राखावी. त्या काळात एक चांगला प्रशिक्षणक्रम पूर्ण करावा, त्याच क्षेत्रातल्या अनुभवी व्यक्तीचे सुपरव्हिजन घ्यावे आणि परिसरातल्या दहा डॉक्टरांना किंवा शिक्षकांना प्रत्यक्ष भेटावे. भेटीला माहितीपत्रकांचा गठ्ठा नेण्यापेक्षा एकच पान न्यावे, ज्यावर कोणती तीन वाक्ये ऐकली की तुमच्याकडे पाठवावे, कोणाला पाठवू नये आणि पाठवल्यावर तुम्ही त्यांना काय कळवाल, एवढेच असेल. पाठवलेल्या व्यक्तीच्या संमतीने डॉक्टरांना चार ओळींचे पत्र जाणे ही साधी गोष्ट आहे, पण फार थोडे लोक ती करतात. मला आजही सर्वाधिक माणसे त्या पत्रांमुळे येतात.

सहा महिन्यांनी तीच चार रकान्यांची नोंद नव्या व्यक्तींसाठी करावी. चौथ्या रकान्यात 'ओझे' हा शब्द वाढलेला दिसला, तर माणसे कितीही येत असली तरी क्षेत्र बदलावे. माणसे आली नाहीत पण उत्सुकता टिकून राहिली, तर क्षेत्र तेच ठेवून फक्त त्याची भाषा बदलून पाहावी. माझ्या पहिल्या पत्रकावर मी 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर' असे छापले होते आणि कोणी आले नाही. दुसऱ्यावर 'तेच तेच विचार, तेच तेच तपासणे किंवा धुणे थांबत नसेल तर' असे लिहिले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला, "हे तुम्ही माझ्याबद्दलच लिहिलंय का?"

पाटीवर आता हेच दुसऱ्या पत्रकावरचे वाक्य आहे. क्षेत्राबाहेरचे फोन तरीही येत राहतात, आणि त्यांना काय सांगायचे हे आधी ठरवून ठेवावे लागते. माझ्या टेबलावरच्या वहीत नऊ नावे आहेत : मुलांचे काम करणारी, जोडप्यांचे काम करणारे, व्यसनमुक्तीचे, वृद्धांचे आणि पुढचे. या प्रत्येकाला मी भेटलेली आहे, त्यांची फी आणि वेळा मला माहीत आहेत. फोन करणाऱ्याचे म्हणणे मी पाच मिनिटे पूर्ण ऐकून घेते, जीवाला धोका वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देते आणि जवळच्या रुग्णालयात पोचेपर्यंत घरच्या माणसाशी बोलत राहते. एरवी वहीतली दोन नावे देते, कारण एकाकडे जागा नसू शकते, आणि आठ दिवसांनी त्यांची वेळ मिळाली का, हे विचारायला स्वतःहून फोन करते.